क्वेबेकचा परकोट आणि आईचं डफरीन



रविवारची सकाळ आहे. कुणाचा दुसरा चहा चालू असेल, कुणी मुलांना मराठी शाळेत सोडून पार्किंगमध्ये गाडीतच ऐकत बसलं असेल. मागच्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाच्या ताईंनी मला विचारलं, "उन्हाळ्यात कुठे गेला होतात त्यावर पंधरा-वीस मिनिटं बोलाल का?" मी म्हटलं, बोलते, पण त्यात प्रवास थोडा आणि आई जास्त येईल. त्या म्हणाल्या, चालेल. आता तुम्हालाही चालवून घ्यावं लागेल.

माझी आई अमरावतीची. वय चौऱ्याहत्तर. सगळी नोकरी शाळेत शिक्षिका म्हणून केली, म्हणजे वर्गात अगदी शुद्ध बोलायची आणि घरी आली की वऱ्हाडी सुरू. पु. लं.चं 'अपूर्वाई' तिने लग्नाआधी लायब्ररीतून आणून वाचलं आणि तेव्हापासून यूरोप बघायचं तिच्या मनात आहे. लंडन-पॅरिसच्या मोठ्या इमारती नव्हेत. तिला बघायची होती ती जुनी गावं. दगडी रस्ते, वेशी, चर्चच्या घंटा, घराच्या खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. बाबांना प्रवासाचा कंटाळा, त्यामुळे ते राहून गेलं. बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली. यंदा मे महिन्यात आई आमच्याकडे ब्रॅम्प्टनला आली तेव्हा मी ठरवलं होतं की जुलैत दहा दिवस तिला यूरोपला न्यायचं. पण तिच्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख काही मिळेना. रोज रात्री बाराला संगणकासमोर बसायचं, आणि रोज तेच. जुलै गेला.

शेवटी माझा नवरा म्हणाला, "क्वेबेक सिटीला जाऊ. समुद्र ओलांडायला नको, व्हिसा नको, गाडी काढायची आणि निघायचं." खरं सांगते, मला ते पटलं नव्हतं. मला वाटलं, आईला यूरोप कबूल केला आणि आता त्याची नक्कल दाखवायची. आई मात्र लगेच तयार. तिने आदल्या रात्री दशम्या केल्या, लसणाचं तिखट केलं, पिशवी भरली.

आणखी एक गोष्ट गाडीत होती. ती आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक खाकी पाकीट होतं. त्यात आमच्या अमरावतीच्या घराचे कागद होते. घर परकोटाच्या आत आहे, आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे आखीव पत्रिकेवर आता तीन नावं आहेत : आई, दादा आणि मी. दादा पुण्याला असतो. एका बिल्डरशी त्याचं बोलणं झालंय, घर पाडून तिथे चार मजली इमारत. त्यासाठी माझं कुलमुखत्यारपत्र हवं, ते इथल्या आपल्या वकिलातीतून साक्षांकित करून पाठवायचं. दादा फोनवर म्हणाला होता, "आईशी तूच बोल. माझं ऐकणार नाही ती, तुझं ऐकेल." आणि मी मनात ठरवलं होतं की मी काही बोलणार नाही. आई "नाही" म्हणेल, मीही "नाही" म्हणेन, विषय संपेल. ते घर माझं माहेर आहे हो. उन्हाळ्यात ढेलजेतल्या फरशीवर पाठ टेकली की काय गार वाटायचं ते मला इथल्या एसीत कधी मिळालेलं नाही.

असो. ब्रॅम्प्टनहून क्वेबेक सिटी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात जाता येतं, पण वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर मध्ये मुक्काम करा. आम्ही माँट्रियलला राहिलो. तिथलं जुनं शहर छान आहे, नोत्र-दाम बॅसिलिका आतून बघाच. पण एक सांगते, माँट्रियललाही एकेकाळी तटबंदी होती. ती 1804 ते 1817 या काळात शहराने स्वतःच पाडून टाकली, व्यापार वाढला आणि भिंत अडचणीची वाटू लागली म्हणून. शां द मार्स नावाच्या मैदानात तिचा पाया तेवढा दिसतो, गवतात दगडांच्या दोन समांतर ओळी. आई तिथे बराच वेळ उभी होती. मला वाटलं पाय दुखताहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्वेबेक सिटीत शिरलो. ग्रांद अले नावाचा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि समोर एकदम दगडी वेस. पोर्त सँ-लुई. बुरूज, टोकदार छपरं, खालून गाड्या चाललेल्या. आणि मागच्या सीटवरून आई ओरडली, "थांबवा, जावईबापू, थांबवा! हा तं परकोट हाये!"

तिथे गाडी थांबवता येत नाही, मागून लगेच हॉर्न. पण त्या एका शब्दाने आमची सगळी सहल बदलली. तोपर्यंत आम्ही यूरोप बघायला आलो होतो. त्यानंतर आई अमरावतीच बघत होती.

तुमच्यापैकी जे विदर्भातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमरावती हे कापसाच्या व्यापाराचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेंढाऱ्यांचा मोठा उपद्रव होता, म्हणून निजामाच्या अमलात गावाभोवती दगडी भिंत बांधली गेली. तिला आम्ही परकोट म्हणतो. तिला वेशी आहेत, अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, जवाहर गेट. आणि लहान दारं आहेत त्यांना खिडक्या म्हणतात, माता खिडकी, पटेल खिडकी. आमच्याकडे पत्ता सांगताना "खिडकीतून आत या" म्हटलं तर कुणी हसत नाही. म्हणजे बघा, माँट्रियल आपली भिंत पाडत होतं जवळपास त्याच काळात अमरावती आपली भिंत बांधत होती.

क्वेबेकची भिंत साडेचार किलोमीटरच्या आसपास लांब आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला अख्ख्या खंडात तटबंदी शाबूत असलेलं हे एकच शहर, आणि 1985 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. भिंतीवरून चालता येतं. संध्याकाळी चाला, ऊन उतरल्यावर. शहराची स्थापना 1608 ची, साम्युएल द शांप्लँ नावाच्या फ्रेंच माणसाने केलेली. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या बावीस वर्षं आधी. क्वेबेक हा शब्द मात्र फ्रेंच नाही, तो इथल्या मूळ लोकांचा आहे, नदी जिथे अरुंद होते ती जागा असा त्याचा अर्थ. समुद्रासारखी पसरलेली सेंट लॉरेन्स नदी इथे एक किलोमीटरपर्यंत आवळते, आणि वरच्या कड्यावर तोफ ठेवली की येणारं प्रत्येक जहाज माऱ्यात येतं. म्हणून तर सगळ्यांना हे गाव हवं होतं.

ते शेवटी इंग्रजांनी घेतलं. 1759 च्या उन्हाळ्यात त्यांनी पलीकडच्या काठावरून दोन महिने तोफा डागून खालचं गाव जवळजवळ जमीनदोस्त केलं, आणि 13 सप्टेंबरला वरच्या पठारावर लढाई झाली. ती अर्ध्या तासाच्या आत संपली. इंग्रज सेनापती वुल्फ मैदानातच मेला, फ्रेंच सेनापती मॉंकाम दुसऱ्या दिवशी पहाटे. ते युद्ध इथलंच नव्हतं, तेच इंग्रज आणि तेच फ्रेंच तेव्हा आपल्याकडेही लढत होते. पुढच्याच जानेवारीत वांदिवाशला फ्रेंच हरले, आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत पाँडिचेरी पडली. त्याच जानेवारीत, 1761 च्या, पानिपतही झालं. आमच्या धाकटीला मी हे सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "सगळं जानेवारीत का होतं?" तेरा वर्षांची आहे. मला उत्तर आलं नाही.

वरच्या गावातल्या एका बागेत वुल्फ आणि मॉंकाम दोघांचं मिळून एकच स्मारक आहे, दगडी सुळका, 1828 चा. जिंकलेला आणि हरलेला, दोघांची नावं एका दगडावर. दोघांनाही शौर्याने एकच मरण दिलं, अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे. नवऱ्याला ते फार आवडलं. मला एवढंच वाटलं की स्मारक उभारणारा जिंकलेल्यांचा गव्हर्नर होता, त्याला मोठं मन परवडत होतं.

आता डफरीनकडे येते.

शहरात सगळ्यात प्रसिद्ध जागा म्हणजे शातो फ्राँतनाक हे हॉटेल. कॅनडाचे जे फोटो कॅलेंडरवर असतात त्यातला हिरव्या छपरांचा महाल तो हाच. तो काही राजवाडा नाही, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने 1893 मध्ये प्रवाशांसाठी बांधलेलं हॉटेल आहे. त्याच्यापुढे कड्याच्या काठाने लाकडी फळ्यांचा लांबरुंद सज्जा आहे, खाली नदी. आम्ही तिथे बाकावर बसलो, दशम्या काढल्या. धाकटी पाटी वाचून म्हणाली, "आजी, याचं नाव तेरास डफरीन."

आईने घास हातातच धरला. "डफरीन? आपलं डफरीन?"

अमरावतीत डफरीन म्हणजे बायकांचा सरकारी दवाखाना. कागदोपत्री तो जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो विचार करत बसेल. डफरीन म्हटलं की निघाला. आई तिथे जन्मली, दादा तिथे जन्मला, मी तिथे जन्मले. आमच्याकडे "डफरीनला नेलं" म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, मुलगा की मुलगी. आणि टोरोंटोत डफरीन स्ट्रीट आहे, डफरीन सबवे स्टेशन आहे, डफरीनची ती बस आहे जिची वाट बघण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली. या सगळ्यांत मी कधी संबंध जोडला नव्हता. नाव रोज तोंडात असलं की माणूस ते ऐकतच नाही.

तर हे डफरीनसाहेब 1872 ते 1878 कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. त्या वेळी क्वेबेकची हीच भिंत पाडायला निघाले होते. 1871 मध्ये ब्रिटिश फौज गाव सोडून गेली. वेशी अरुंद, गाड्या अडकायच्या, व्यापारी म्हणाले, आता फौज नाही, शत्रू नाही, भिंत कशाला? जुन्या वेशी पाडायला सुरुवातही झाली. डफरीन मध्ये पडले. त्यांनी सांगितलं, भिंत ठेवा, आणि वेशी रुंद करून नव्या बांधा. आयर्लंडचा वास्तुकार बोलावला, त्याने टोकदार छपरांच्या, बुरूजांच्या वेशी काढून दिल्या. एका वेशीला तर व्हिक्टोरिया राणीने आपल्या वडिलांच्या आठवणीसाठी पैसे दिले. म्हणजे आपण ज्या सँ-लुई वेशीखालून "काय जुनं आहे!" म्हणत गेलो ती गाड्या जाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली. आमच्या अमरावतीच्या वेशी तिच्याहून जुन्या. त्यांच्यावर पिंपळ उगवलेत, खाली दुकानं लागलीत, आणि त्यांच्यासमोर कुणी सेल्फी काढत नाही.

पुढे हेच डफरीन 1884 मध्ये व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आले. त्यांच्या काळात, 1885 साली, मुंबईला काँग्रेस स्थापन झाली. त्यांच्या पत्नीने त्याच वर्षी फंड काढला, बायकांना बाई डॉक्टरकडून उपचार मिळावेत म्हणून. आपल्या आनंदीबाई जोशी तेव्हा फिलाडेल्फियाला शिकत होत्या, पुढच्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या. त्या फंडातून देशभर बायकांचे दवाखाने निघाले आणि त्यांना लोक लेडी डफरीनचं नाव देत गेले. आणि याच डफरीनसाहेबांनी ब्रह्मदेशाचं राज्य खालसा केलं, थिबा राजाला उचलून रत्नागिरीला आणून ठेवलं. रत्नागिरीचा थिबा पॅलेस तुमच्यापैकी कोकणातल्यांनी पाहिला असेल. तो राजा तीस वर्षं तिथे समुद्राकडे बघत राहिला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. एका गावाची भिंत वाचवणारा माणूस दुसऱ्याचं राज्यच उचलतो. आईला हे मी फोनवर शोधून शोधून सांगत होते. ती म्हणाली, "मोठ्या लोकांचं असंच राह्यते बाप्पा. पण दवाखाना चांगला काढला बाईनं."

दुसऱ्या दिवशी खालच्या गावात उतरलो. उतरायला जिना आहे, त्याचं नावच मानमोड जिना अशा अर्थाचं आहे, एस्कालिए कास-कू. आई कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरत होती. मी पुढे होते, फोटो काढायला वळले तेव्हा दिसलं. तुमच्याबरोबर ज्येष्ठ असतील तर तिथे फ्युनिक्युलर आहे, 1879 पासून चालू, कड्यावरून वरखाली जाणारा काचेचा डबा. आम्ही येताना त्यानेच आलो. जाताना मला ते सुचलं नाही, कारण आई घरी रोज जिना चढते, तोही लाकडी आणि सरळसोट, वर दोरी धरून चढायचा. मला वाटायचं, तिला सवय आहे.

खालचं गाव म्हणजे पतीत-शांप्लँची गल्ली आणि प्लास रॉयाल हा चौक. इथे मात्र खरंच यूरोप आहे. दगडी घरं, उतरती छपरं, छपरांवर शिड्या टेकवलेल्या. दोन घरांमधली भिंत छपराच्या वर डोकं काढून उभी असते, ती आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून. 1682 मध्ये खालचं गाव जळालं, पुढे 1727 मध्ये नियमच आला की घरं दगडी बांधा आणि मध्ये अशी भिंत घाला. त्या शिड्यासुद्धा धुराडी साफ करायला आणि आग विझवायला. चौकात नोत्र-दाम-दे-व्हिक्त्वार हे लहानसं चर्च आहे, 1688 मध्ये बांधायला घेतलेलं. आईने चपला काढल्या. धाकटी म्हणाली, "आजी, इथे काढायच्या नसतात." आई म्हणाली, "मले माहीत आहे," आणि तशीच अनवाणी आत जाऊन बसली.

क्वेबेकमध्ये आमची दुभाषी धाकटीच होती. तिची शाळा फ्रेंच इमर्शनची. घरी मराठीत उत्तर द्यायचं म्हटलं की तिचा चेहरा उतरतो, पण तिथे दुकानात घडाघडा फ्रेंच बोलत होती आणि आजी कौतुकाने बघत होती. गाड्यांच्या नंबरप्लेटवर लिहिलेलं असतं, 'ज म सुव्हियँ'. आजीने विचारलं, काय लिहिलंय? पोरीने एकेक शब्द जुळवला आणि म्हणाली, "मी... मला... आठवते." आई म्हणाली, "स्वतःलेच आठवते का?" पोरगी हसायला लागली, म्हणाली, नाही, आपण जसं म्हणतो तसं, मला आठवतं. "काय आठवते पण?" ते प्लेटवर लिहिलेलं नाही. तिथल्या रस्त्यांवर थांबायच्या पाटीवर 'आरे' लिहितात, आणि फ्रान्समध्ये, खुद्द फ्रान्समध्ये, त्याच पाटीवर 'स्टॉप' असतं. 1977 मध्ये त्यांनी भाषेचा कायदा केला, पाट्या, शाळा, कचेऱ्या, सगळं फ्रेंच. त्यावर भांडणं आजही चालू आहेत. मी त्या भांडणात इथे शिरत नाही, वेळ कमी आहे. पण कॉफीच्या दुकानातला विशी-पंचविशीचा मुलगा आमच्याशी फ्रेंचमध्ये सुरू करतो आणि आमचे चेहरे बघून मग इंग्रजीत येतो, हे मला, खरं सांगते, आवडलं. पुण्यात मॉलमध्ये माझ्याशी असं कुणी मराठीत सुरू करत नाही.

शाकाहारी मंडळींना एक सूचना. पुतिन खाताना ग्रेव्ही कशाची ते विचारा, बहुतेक ठिकाणी मांसाच्या रश्श्याची असते. आम्ही विचारलं, म्हणून आई वाचली.

तर प्लास रॉयाल. मी फोटो काढत होते, खिडकीत खरंच लाल फुलांच्या कुंड्या होत्या. मी म्हटलं, "आई, बघ, तुला पाहिजे होतं तसं अगदी." आई घरांच्या वरच्या मजल्यांकडे बघत होती. म्हणाली, "कपडे कुठी वाळवते गं हे लोक?"

मी म्हटलं, ड्रायर असेल.

"अन् पोरं? एक पोरगं नाही दिसत. कोन राह्यते इथं?"

धाकटीला पाठवून एका दुकानातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मी नाही राहत, मी समोर लेव्हीला राहते, रोज बोटीने येते. वर काही लोक राहतात, पण बऱ्याच जागा आता प्रवाशांसाठीच आहेत. मग मी फलक वाचला. 1960-70 च्या दशकांत सरकारने हा चौक ठरवून जुना केला. इंग्रजांच्या आधी जसा होता तसा दिसावा म्हणून. मधल्या काळात वाढवलेले मजले उतरवले, काही इमारती पाडल्या, आणि फ्रेंच काळातली म्हणून घरं पुन्हा उभी केली. म्हणजे जुनं राखण्यासाठी कमी जुनं पाडलं. शेजारची पतीत-शांप्लँची गल्ली वेगळ्या वाटेने सावरली, ती पडायला आली होती आणि कारागिरांनी व दुकानदारांनी सहकारी संस्था काढून चालवली. आई म्हणाली, सहकारी असून चालली का? विदर्भातल्या सूतगिरण्या पाहिलेल्या बाईचा प्रश्न आहे हा.

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा वर त्या डफरीन सज्ज्यावर बसलो. नवरा आणि धाकटी आइस्क्रीम आणायला गेले. नदीवर लेव्हीची बोट जात होती. आणि आईने विचारलं, "त्या खाकी पाकिटात घराचेच कागद होय ना?"

मी गप्प. ती म्हणाली, दादाने तिला कधीच सांगितलं होतं. तिने मेमध्ये येण्याआधीच त्याला हो म्हटलं होतं. फक्त मला सांगू नको म्हणाली, मी रडेन म्हणून. आणि दादाला वाटलं, आई मनातून नाहीच म्हणते आहे, म्हणून त्याने मला सांगितलं तू बोल. चार महिने आम्ही तिघंही एकमेकांना जपत बसलो होतो.

मी म्हटलं, "आई, पण ते घर... शंभर वर्षांचं आहे. इथे बघ, लोकांनी कशी घरं ठेवलीत."

ती म्हणाली, "तुले पाहाले पायजे, मले राहाले."

मग तिने सांगितलं. पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी भांडी लावावी लागतात. वरच्या खोलीत ती दीड वर्षापासून चढलेलीच नाही. मागच्या नवरात्रात पहाटे परसदारी पाय घसरला, तासभर पडून होती, दूधवाल्याने हाक ऐकली. हे मला माहीत नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती ढेलजेत खुर्ची टाकून बसायची, मागे तो जुना नक्षीचा दरवाजा, आणि मी मैत्रिणींना दाखवायचे, बघा आमचं घर. ती खुर्ची तिथून हलवणं तिला होत नव्हतं म्हणून ती तिथे होती.

मी म्हटलं, मग इथेच राहा आमच्याकडे. ती म्हणाली, जानेवारीत तुझ्याकडे मी काचेतून बर्फ बघत बसू का? मी म्हटलं, पुण्याला दादाकडे. त्याच्याकडेही नको. तिला परकोटातच राहायचं आहे, त्याच गल्लीत, त्याच जागेवर, फक्त तळमजल्यावर, लिफ्ट असो-नसो, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा हवा. अंबादेवीला पायी जाता आलं पाहिजे. हे सगळं तिने दादाला करारात लिहायला सांगितलं आहे, बिल्डर दोनदा हो म्हणाला आणि दोनदा मसुद्यातून तळमजला गळला. म्हणून तिला माझी सही अजून नको होती! "तू सही अडवून धर," म्हणाली, "तळमजला येईपर्यंत. तुझं माहेरावर लई प्रेम आहे असं सांग त्याले."

मी हसले आणि रडले, दोन्ही. तेवढ्यात धाकटी मेपलचं आइस्क्रीम घेऊन आली, तिने विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "काही नाही. तुह्या मायले आठवते."

परतीच्या वाटेवर तिने मेपल सिरपच्या सहा बाटल्या घेतल्या, गल्लीतल्या बायकांसाठी. सामानाचं वजन किती होईल ते मी बोलले नाही.

आता सप्टेंबर आहे. आई नवरात्राच्या आधी परत जाते आहे. करारात तळमजला आला, गेल्या मंगळवारी दादाने नवा मसुदा पाठवला. दांडाही आला आहे, वेगळ्या कलमात. वकिलातीची वेळ येत्या गुरुवारची मिळाली आहे. जुना दरवाजा कुठे ठेवायचा यावर मात्र अजून भांडण आहे. मी म्हणते नव्या इमारतीला लावा, दादा म्हणतो बसत नाही, मोठा आहे, आणि आई म्हणते, एवढा जीव आहे तर कॅनडाला घेऊन जा. आमच्या घराचं दार मी मोजून पाहिलं. तिथेही बसत नाही.

पाकीट अजून गाडीतच आहे. आणि मंडळी, कार्यक्रम थेट आहे, आई आत्ता घरी स्वयंपाकघरात हे ऐकते आहे. मी काय बोलणार ते तिला सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर काय ऐकावं लागतं ते पुढच्या वेळी सांगेन, ताईंनी बोलावलं तर.